अंगठा हलतो का?

गोदीत बोजा उचलून मला हर्निया झाला. गेल्या साली ऑपरेशन झालं. टेबलावर घेण्याआधी एकानं इंग्रजी कागद पुढं केला. म्हणाला, ‘सही कर.’ मी मॅट्रिक. अडखळत वाचायला लागलो, तर म्हणतो, ‘वाचतोस काय? सगळेच करतात.’ मी केली. लाज अजून जात नाही.

बरा झाल्यावर भुलीबद्दल वाचलं. भूल म्हणजे नुसती झोप नव्हे. झोपेचं औषध वेगळं, वेदना मारायचं वेगळं, स्नायू ढिले पाडायचं आणखी वेगळं. या तिसऱ्यानं हातपाय, जीभ, छाती, सगळं गार. श्वास यंत्र देतं. पण त्यानं ना झोप येते, ना वेदना जाते. झोपेचं औषध कमी पडलं तर माणूस आतून जागा, अन् ओरडता येत नाही.

१९४७ च्या सुमारास अमेरिकेत युटामधल्या डॉ. स्कॉट स्मिथनं हे स्वतःवर करून दाखवलं. आदिवासींच्या बाणावरच्या क्युरारे विषातून काढलेलं औषध त्यानं स्वतःला टोचून घेतलं. पुरता लुळा पडला, पण शुद्ध शाबूत होती, वेदनाही.

नव्या औषधाची गरज खरी आहे. घशात नळी घालायला स्नायू ढिले लागतात. नळी गेलीच नाही तर औषध झटकन उतरलं पाहिजे, नाहीतर माणूस गुदमरला. जुनं सक्सामेथोनियम मिनिटभरात चढतं, दहाएक मिनिटांत उतरतं. पण ते मोडणारं द्रव्य काहींच्या रक्तात जन्मतःच बिघडलेलं असतं. ते तासन्‌तास लुळे राहतात. काहींच्या रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. म्हणून रॅपाक्युरोनियम काढलं. १९९९ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. श्वासनळ्या आवळून माणसं दगावली. २००१ च्या मार्चमध्ये कंपनीनं ते मागं घेतलं. चाचण्या होऊनसुद्धा!

असलं औषध तपासताना मनगटाच्या नसेला विजेचे चार झटके देतात अन् अंगठा कितीदा हलतो ते मोजतात. अंगठा थांबला की औषध चढलं. हलला की उतरतंय. आपल्या माणसाचा हाच अंगठा आधी शाईत बुडवतात.

चाचण्या बंद करा, असं मी म्हणत नाही. उद्या माझ्याच आईच्या घशात नळी जाईल. पण जे औषध जीभ बंद करतं, ते देण्याआधी माणसाला पुरतं बोलू द्या. २०१९ च्या नियमांत हे लिहिलंय : समजेल अशा भाषेत माहिती, कागदाची प्रत, वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार, केव्हाही बाहेर पडायची मोकळीक. चाचणीमुळे इजा झाली तर फुकट उपचार अन् भरपाई.

तेव्हा वस्तीतल्या कुणाचं ऑपरेशन असलं की सोबत जा. कागद मोठ्यानं वाचा. विचारा : औषध नेहमीचं की चाचणीचं? डॉ. स्मिथ सगळं जाणून आडवा झाला. आपल्यालाही तेवढंच पाहिजे. त्याहून कमी चालणार नाय.