घड्याळ ओरडतंय, पण धावणार कोण?

पुण्यात नोकरी करणारी मुलं सणाला पानशेत-वेल्ह्याकडे येतात, आईवडिलांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ बांधतात आणि निश्चिंत होऊन परत जातात. मग भर पावसात मला फोन येतो, "डॉक्टर, बाबांचा ऑक्सिजन ८६ दाखवतोय!" बाबा भातलावणीच्या चिखलात उभे असतात. हात गार पडलेले, पट्टा सैल. अशा वेळी हा आकडा चुकतोच.

इंटरनेटला जोडलेल्या वस्तूंना माझा विरोध नाही. तुमच्या बाळाच्या लसीचंच बघा. सरकारच्या ई-विन या व्यवस्थेत (सुरुवात २०१५) लसीच्या फ्रिजमध्ये सेन्सर असतो. तापमान २ ते ८ अंशांच्या बाहेर गेलं, की जबाबदार कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर संदेश जातो आणि त्याला काहीतरी करावंच लागतं. बाबांच्या घड्याळामागे असा कोण आहे? चाळीस-पन्नास किलोमीटरवर बसून घाबरणारा मुलगा! पानशेतचं धरण १२ जुलै १९६१ ला फुटलं. त्याआधी धोका दिसत होता, पण वाळूची पोती रचायला जवानांचे हातच लागले.

आता नवीन टूम म्हणजे 'डिजिटल ट्विन', शरीराचं संगणकातलं जुळं. विमानाच्या इंजिनासाठी ही कल्पना उत्तम आहे. सेन्सर माहिती पाठवतात आणि बिघाड होण्याआधीच कळतो. पण इंजिनाला एकादशी नसते, आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडीही नसते! मधुमेहात हे जुळं तुमच्या दंडावरच्या शुगर सेन्सरवर आणि तुम्ही भरलेल्या माहितीवर चालतं. दुसऱ्यांदा घेतलेली खिचडी तुम्ही ॲपमध्ये लिहिणार आहात का?

शिवाय तो सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. तो त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो. त्या दंडावर झोपलात तर साखर खोटीच कमी दिसू शकते. इन्सुलिन घेणाऱ्यांना तो खरंच उपयोगी आहे, त्यांनी जरूर वापरावा. पण मधुमेह नसलेला धडधाकट माणूस तो लावून भात खाल्ल्यावर वर जाणारी रेघ बघत बसतो, तेव्हा फायदा विकणाऱ्याचाच होतो. जेवणानंतर साखर थोडी वाढतेच, ते नॉर्मल आहे.

घ्यायचंच असेल तर दंडावर बांधायचं बीपीचं साधं यंत्र घ्या, आणि आकडा वाढला तर कोणाला सांगायचं ते घरात आधी ठरवा. मुलाला नव्हे, शेजाऱ्याला, आशाताईंना किंवा तुमच्या डॉक्टरांना. धरणामागच्या वाड्यांत रेंज नसते, तिथे तर हे ठरलेलं हवंच.

आणि घड्याळातल्या ईसीजीला हार्ट अटॅक ओळखता येत नाही. छातीत दुखतंय, दरदरून घाम फुटलाय, तर स्क्रीनवर 'नॉर्मल' दिसलं तरी थांबू नका. १०८ ला फोन करा, आणि गाडी दारात असेल तर लगेच निघा.