अंगठा सुजला? आधी चोळणे थांबवा

'अंगठेबहाद्दर' हा शब्द आपण हिणवण्यासाठी वापरतो. खरे तर हाताची निम्मी बहाद्दुरी अंगठ्यातच असते. बटण लावणे, विळा धरणे, तव्यावरची भाकरी उलटणे, यांपैकी कोणतेही काम त्याच्यावाचून नीट होत नाही. कायद्यानेही हे मानले आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी गमावल्यास कमाईची क्षमता १४ टक्क्यांनी घटते असे धरले होते, तर अंगठा गमावल्यास ३० टक्क्यांनी.

अशा या अवयवाला मार लागला की आपण काय करतो? तेल लावून चोळतो, कुणाकडून तरी ओढून 'बसवून' घेतो, वर लेप लावतो. सूज उतरली नाही की आठ-दहा दिवसांनी दवाखान्याची पायरी चढतो. माझे स्पष्ट मत आहे की ही सवय मोडलीच पाहिजे. 'अंगठा हलतोय ना, मग हाड शाबूत आहे,' हा समजही साफ चुकीचा आहे. मोडलेला अंगठाही थोडाफार हलतो. चोळल्याने व ओढल्याने मात्र मोडलेले तुकडे आणखी सरकतात.

इतर बोटांत तीन हाडे असतात, अंगठ्यात दोनच. त्यांच्या मुळाशी तळहातातले हाड असते व मनगटाजवळचा त्याचा सांधा खोगिराच्या आकाराचा असतो. म्हणूनच अंगठा सर्व बाजूंना फिरतो. या सांध्यातच हाड मोडले तर स्नायूंच्या ओढीने ते जागेवरून सरकते. आयरिश शल्यचिकित्सक बेनेट यांनी १८८२ मध्ये या अस्थिभंगाचे वर्णन केले, म्हणून त्याला त्यांचेच नाव आहे. तो नीट जुळला नाही तर चिमटीतला जोर कमी होतो व पुढे सांध्याची झीज होते.

अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा दिसतो. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल तर मनगटातले नावेच्या आकाराचे छोटे हाड मोडलेले असू शकते. ते पहिल्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. अशा वेळी डॉक्टर प्लास्टर घालून १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात. तो खर्च वायफळ समजू नये.

मार लागताच अंगठी, बांगड्या काढाव्यात. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे धरावा, पट्टीचा आधार देऊन हात उंच ठेवावा व एक्स-रे काढावा. अंगठा वाकडा दिसत असेल, बधिर किंवा निळसर पडला असेल, अथवा जखम असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जखम असल्यास धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते.

हाड सरकलेले नसेल तर साधारण चार ते सहा आठवडे प्लास्टर पुरते. सरकले असेल तर ते बसवून बारीक तारांनी किंवा स्क्रूने पक्के करतात. प्लास्टर निघाल्यावर सांगितलेले व्यायाम न चुकता करावेत. विडी-सिगारेटने हाड जुळायला वेळ लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

थोडी सावधगिरी बाळगली तर बऱ्याच दुखापती टळतात. बैलाचा कासरा हाताला किंवा अंगठ्याला गुंडाळू नये. हँडल मारून डिझेल इंजिन सुरू करताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. हँडलभोवती वळवलेला अंगठा उलट्या झटक्यात सापडतो. यष्टिरक्षकाने हातमोजे व मोटारसायकलस्वाराने जाड हातमोजे वापरावेत.

एका एक्स-रेचा खर्च एका दिवसाच्या मजुरीइतका वाटेल. पण ज्याचे पोट हातावर आहे, त्याला कायमचा अधू अंगठा त्याहून फार महाग पडतो.