भाडेकरूची तपासणी होते, घराची कधी?



भाडेकरू ठेवायचा म्हटलं की आपण किती चौकशी करतो! आडनाव काय, नोकरी कुठे, कांदा-लसूण खाता का, रात्री किती वाजता परतता. मग आधार कार्ड, पोलीस ठाण्यात माहिती, कराराला थंब. हे सगळं ठीकच आहे. पण ज्या घरात तो माणूस राहायला येतो, ते घर कोण तपासतं? आमचा वरचा मजला वीसेक वर्षं भाड्याने आहे, त्यामुळे घरमालकीण म्हणूनच हे विचारते. इतक्या वर्षांत महापालिकेचा माणूस घरपट्टीसाठी चार वेळा येऊन गेला. फूटपट्टी लावली, भाडं किती ते विचारलं, चहा घेतला. बाथरूमचं दार मात्र एकदाही उघडून पाहिलं नाही.

बाथरूमचंच नाव घेते, कारण माझी भाची पुण्यात तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची तेव्हाची गोष्ट आहे. बाथरूम लहान, त्यात गॅस गीझर, आणि झरोक्याला मालकाने आतून काच बसवून टाकलेली. डिसेंबरात ही आंघोळीला गेली आणि आतच कोसळली. आवाज ऐकून मैत्रिणींनी दाराची कडी तोडली म्हणून वाचली. अशा बंद जागेत गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, चक्कर येते तेव्हा दारापर्यंत जाण्याचं त्राण उरलेलं नसतं. मालकाचं म्हणणं, “आधीचे भाडेकरू पाच वर्षं राहिले, त्यांना काही झालं नाही.” हेच उत्तर मला फार टोचलं. एक झरोका मोकळा ठेवायला खर्च तरी किती येतो?

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे. पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्याने वाजवी वेळात काही केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून पैसे वळते करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण आपण सगळे करतो तो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार, आणि त्यातला माणूस या कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नव्हे. म्हणजे आज बहुतेक मुलं-मुली ज्या करारावर राहतात, तिथे हे कलम कामाचं नाही. महापालिकेला कलम २६४खाली धोकादायक इमारतीला नोटीस देता येते, तीस वर्षांपुढच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटही आहे. थोडक्यात, इमारत पडायला आली की लक्ष जातं. उभ्या इमारतीतल्या खोलीत अर्थिंग नसेल, भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले असतील, तर ते कुणाच्याच खात्यात बसत नाही.

आता माझ्या बी.कॉम.चा थोडा उपयोग करते. महिना बारा हजार भाडं म्हणजे वर्षाचे १,४४,०००. घरपट्टी समजा चार हजार. उरले १,४०,०००. यातून आयकर खातं सरसकट ३० टक्के, म्हणजे ४२,००० वजा करू देतं. पूर्वी तिला सरळ दुरुस्तीची वजावट म्हणत. एकही बिल दाखवावं लागत नाही. महापालिकाही करयोग्य मूल्य काढताना वार्षिक भाड्यातून दहा टक्के सोडते, तेही दुरुस्तीच्या नावाने. म्हणजे दुरुस्तीचे पैसे सरकारने आपल्याला हिशेबात आधीच दिलेले आहेत! ते भिंतीवर लागले की सोन्यावर, हे विचारणारं कुणी नाही. पंडित आशाधरजींनी ‘सागारधर्मामृता’त श्रावकाचे गुण सांगताना सुरुवातच न्यायाने धन मिळवण्यापासून केली आहे. दुरुस्तीची वजावट घ्यायची आणि दुरुस्ती करायची नाही, हे त्यात बसतं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

माझा मुलगा इंग्लंडात भाड्याने राहतो. तिथे घरात गॅसचं उपकरण असेल तर मालकाला दरवर्षी नोंदणीकृत माणसाकडून ते तपासून घ्यावं लागतं आणि कागद भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो. नियम १९९८चा आहे. त्याशिवाय तिथल्या कौन्सिलला घरात शिरून ओल, थंडी, वीज हे धोके तपासायचा अधिकार आहे. सगळी घरं तिथेही चांगली नसतात, मुलाच्या पहिल्या खोलीला बुरशी होतीच. पण तक्रार कुठे करायची ते त्याला माहीत होतं.

आमचे हे म्हणतात, “इन्स्पेक्टर आणलास की पाकीट आलंच.” खरं आहे, म्हणून मला इन्स्पेक्टरांची फौज नकोच. भाडेकराराची नोंदणी होते तेव्हाच एक पानी तपासणी-पत्र जोडायला लावा. परवानाधारक वायरमनची सही: अर्थिंग आहे, ईएलसीबी चालतो. प्लंबरची सही: गीझरला हवा मिळते. पाण्याची टाकी कधी धुतली, त्याची तारीख. आपण स्वतः पाणी गाळून पितो, आणि वरच्या टाकीत दोन वर्षांचा गाळ भाडेकरूला पाजतो, हे काही बरं नाही. महापालिकेने यातली थोडी घरं अचानक पाहावीत, आणि पत्र खोटं निघालं तर दंड घरपट्टीच्या बिलात लावावा. बिल कसं वसूल करायचं ते त्यांना चांगलं येतं!

गरीब मालकाचं काय, असं एका मैत्रिणीने विचारलं. एकच खोली भाड्याने देऊन घर चालवणाऱ्या विधवा बायका आपल्याकडे आहेत. त्यांना घरपट्टीत सूट द्या, वर्षभराची मुदत द्या. पण वायरिंग उघडं असेल तर मुदत नको. करंट कुणाची परिस्थिती पाहून लागत नाही.

मी आमच्या आयुक्तांच्या नावे असा अर्ज लिहिला आहे. आतापर्यंत अकरा सह्या झाल्या, त्यात सात घरमालकिणी आहेत. कुणाला आपल्या गावासाठी मसुदा हवा असेल तर कळवा, पाठवते.