टप्पा पहिला, टप्पा दुसरा

14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांच्या हाती नव्या घराच्या किल्ल्या आल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या, ती माणसे चाळीसमजली इमारतीतल्या 500 चौरस फुटांच्या घरात राहायला गेली. आनंदाचीच गोष्ट. मात्र या कामाचे भूमिपूजन झाले होते एप्रिल 2017 मध्ये. एकट्या वरळीत 121 चाळी आणि साडेनऊ हजारांवर भाडेकरू. म्हणजे आठ वर्षांनी पार पडला तो टप्प्यातलाही टप्पा.

एवढे मोठे काम एका दमात होणार नाही, हे कोणालाही पटेल. काही चाळी रिकाम्या करायच्या, तिथल्या लोकांची तात्पुरती सोय लावायची, मोकळ्या झालेल्या जागेवर इमारत उभी करायची आणि मग पुढच्या चाळींना हात घालायचा. याला दुसरा मार्ग नाही. बांधकाम टप्प्याटप्प्याने व्हावे, पण तपासणीही तुकड्यातुकड्याने झाली तर काय होते, हा खरा प्रश्न आहे. नवी मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांपैकी एक असलेले अभियंते शिरीष पटेल यांनी बीडीडीच्या आराखड्यावर नेमके इथेच बोट ठेवले होते. सगळे मनोरे उभे राहिल्यावर एवढ्या दाटीत खालच्या मजल्यांना उजेड-वारा किती मिळणार, असे विचारत ते उच्च न्यायालयात गेले. पहिली इमारत एकटी उभी असते तेव्हा तिला ऊन भरपूर असते. सावली पडते ती शेजारचा मनोरा चढल्यावर, आणि तोवर तक्रार करणारा तिथे राहायला आलेला असतो.

खासगी संकुलांत हेच चित्र जरा चकचकीत होऊन येते. विक्री कार्यालयात काचेच्या पेटीत अख्ख्या संकुलाचे मॉडेल ठेवलेले असते. पहिल्या टप्प्याच्या इमारतींत बारीक दिवे लागलेले, तिसऱ्या टप्प्याच्या इमारती नुसत्या पारदर्शक ठोकळ्यांच्या, आणि त्यांच्या अलीकडे हिरवागार बगीचा. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातले कुटुंब राहायला येते तेव्हा बगीच्याच्या जागी काँक्रीटचा प्लान्ट धडधडत असतो. फाटक तात्पुरते, रस्ता तात्पुरता, पाणी टँकरचे. क्लब हाऊस कधी, असे विचारले की उत्तर ठरलेले: पुढच्या टप्प्यात.

यात बेकायदा काहीच नसेल, हे लक्षात घेतले पाहिजे. रेरा कायद्यानुसार प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रकल्प मानला जातो आणि त्याची नोंदणीही वेगळी होते. पालिका आधी जोत्यापर्यंत परवानगी देते, मग वरच्या मजल्यांसाठी देते; भोगवटा दाखलाही इमारतीगणिक मिळू शकतो. कागदोपत्री प्रत्येक तुकडा चोख असतो. सगळे तुकडे जोडून पाहण्याची सक्ती मात्र फार थोड्या ठिकाणी आहे. बांधकाम 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर पर्यावरण मंजुरी लागते. तिथे पाणी, सांडपाणी, कचरा आणि वाहतूक यांचा एकत्र हिशेब मांडावा लागतो. पण 2006 च्या ज्या अधिसूचनेने ही मंजुरी आणली, तिनेच इमारती आणि टाऊनशिपना जनसुनावणीतून सूटही दिली. म्हणजे ज्यांच्या नळाचे पाणी कमी होणार आणि ज्यांच्या गल्लीतून डंपर जाणार, त्यांना त्या टेबलावर खुर्चीच नाही.

मग शेजाऱ्यांनी बोलायचे कुठे? शहराच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा. एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलायचे असेल तर नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना निघते, तेव्हा. त्यासाठी मुदत साधारण महिन्याभराची. ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात छापून येते आणि बहुतेक घरांत रद्दीबरोबर जाते. तरीही या वाटेला कमी लेखू नये. मुंबईचा 2015 चा विकास आराखडा चुकांनी भरलेला निघाला, तेव्हा हरकतींचा असा पाऊस पडला की मुख्यमंत्र्यांना तो नव्याने करायला सांगावा लागला. दुरुस्त आराखडा मंजूर व्हायला 2018 उजाडले.

घर घेतलेल्यांचा अधिकार याहून पक्का आहे. रेरा कायद्याचे कलम 14 सांगते, की मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर बिल्डरला दोनतृतीयांश घरखरेदीदारांची लेखी संमती हवी. त्यावरचा तोडगा करारनाम्यातच पेरलेला सापडतो: ‘पुढील सर्व बदलांस खरेदीदाराची संमती आहे’ अशा अर्थाचे एक कलम, आणि त्या पानाच्या कोपऱ्यात घाईघाईने केलेली सही. मधुविहार सोसायटीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली, म्हणजे रेराच्याही आधी, अशी सरसकट संमती ग्राह्य धरली नव्हती. काय बदलणार आहे ते नेमके सांगून मिळवलेली संमती हीच संमती, हे त्या निकालाचे सार. तो रेरापूर्व काळातल्या ‘मोफा’ कायद्याखालचा आहे. पण आजही वकिलापुढे बसणाऱ्या प्रत्येक सोसायटीने तो वाचायला हवा.

उपाय अवघड नाहीत. संकुलाला पहिली परवानगी देतानाच पूर्ण ले-आऊटचा पाणी, मलनिस्सारण आणि रस्त्यांचा हिशेब नागरिकांसमोर ठेवावा आणि त्यावर हरकती घ्याव्यात. कोणती सुविधा कोणत्या टप्प्यात होणार, हे मंजुरीपत्रातच लिहावे. पहिल्या टप्प्याचे मैदान, रस्ता आणि सांडपाणी प्रकल्प पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याला जोत्याच्या वरची परवानगी देऊ नये. नगररचना विभागाला यासाठी माणसे जास्त लागतील, ती द्यावीत.

यंदाच्या अंकाचा विषय ‘घर’ आहे. कथा, कविता, लेख आणि व्यंगचित्रे यांतून लेखक-चित्रकारांनी तो आपापल्या परीने मांडला आहे. दिवाळी अंक जाहिरातींवर उभे राहतात आणि त्यांत गृहप्रकल्पांच्या जाहिराती असतातच. हे संपादकीय त्यांच्याच शेजारी छापले जात आहे, याची जाणीव आहे. ऑगस्ट 2023 पासून अशा प्रत्येक जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. वाचकांनी तो जरूर स्कॅन करावा, मंजूर नकाशा उघडावा, बगीचा कोणत्या टप्प्यात आहे ते पाहावे आणि मगच बुकिंगचा धनादेश लिहावा.