वल्हे हाती घेण्यापूर्वी

साठी उलटलेल्या माणसाने सकाळी फिरायला जावे, प्राणायाम करावा, फार तर हास्यमंडळात नाव घालावे. येथवर घरच्यांची संमती गृहीत असते. तोच माणूस ‘क्लबात रोइंगचा वर्ग सुरू होतो आहे, मी जाणार’ असे म्हणाला की मात्र जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. गेल्या हिवाळ्यात असाच एक वाद माझ्या दवाखान्यात येऊन पोहोचला. बँकेतून निवृत्त झालेल्या ६६ वर्षांच्या बाई आणि त्यांची लेक. लेक म्हणाली, ‘डॉक्टर, तुम्हीच सांगा आईला. हे का वय आहे?’ आईचे म्हणणे एवढेच, की यजमानांच्या आजारपणात सहा वर्षे घराबाहेर पडता आले नाही; आता पडू द्या.

वयाची शंका प्रथम दूर करू. जागतिक पातळीवर रोइंगच्या ‘मास्टर्स’ गटाची सुरुवात २७ व्या वर्षी होते आणि पुढे ऐंशीपलीकडचे लोकही त्यात उतरतात. पाण्याशी जन्माचे नाते असावे लागते असेही नाही. दुष्काळी चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही गावच्या दत्तू भोकनळ यांच्या हाती वल्हे आले ते सैन्यात गेल्यावर. त्यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले. आपल्याला ऑलिंपिक गाठायचे नाही. बैठ्या स्थितीत, गुडघ्यांवर उभ्या देहाचा भार न टाकता पाय, पाठ आणि हात यांना एकत्र काम देणारा हा व्यायाम उतारवयात पुष्कळांना मानवतो. प्रश्न वयाचा नसून तयारीचा आहे.

त्या बाईंना मी नेहमीचे प्रश्न विचारले. छातीत दुखते का? नाही. धाप लागते? नाही. सारी उत्तरे शाळकरी मुलीसारखी तत्पर. लेक औषधे आणायला बाहेर गेली, तेव्हा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘टेकडी चढताना जबडा आवळल्यासारखा होतो. थांबले की जातो. हिला सांगू नका, माझे फिरणेसुद्धा बंद करील.’ श्रमाने येणारा आणि विश्रांतीने जाणारा आवळ, मग तो छातीत असो, जबड्यात असो वा डाव्या हातात, हृदयाचा मानूनच तपासावा लागतो. त्यांच्या अनुमतीवाचून मी लेकीला काही सांगणार नव्हतो. त्यांनी स्वतःच सांगावे असा आग्रह मात्र धरला, आणि त्यांनी सांगितले. हृदयरोगतज्ज्ञांकडे तपासण्या झाल्या, एका रक्तवाहिनीतील अडथळा दूर करावा लागला. रोइंगचा वर्ग काही महिने लांबला, पण रद्द झाला नाही. काळजीवाहकांनी येथे थोडे थांबावे. ज्या घरात प्रत्येक तक्रारीचे उत्तर ‘मग आता घरीच बसा’ हे असते, त्या घरातील वडीलधारी माणसे तक्रार करणेच सोडून देतात.

तेव्हा नाव नोंदवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि चालू औषधांची पुडकी सोबत न्यावीत. रक्तदाब १८० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा ११० च्या पुढे असेल, तर तो आटोक्यात येईपर्यंत वल्हे दूर ठेवावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठीचा कणा कमानीसारखा वाकवून जोर लावणे टाळावे. मणका दबण्याचा धोका खरा असतो. हर्निया असेल किंवा नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल, तर शल्यविशारदांची स्पष्ट अनुमती हवी. काचबिंदू असल्यास श्वास कोंडून जोर करू नये. डोळ्यातील दाब त्याने वाढतो. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांनी बसल्यावरून झटकन उठताना भोवळ येते, आणि नावेतून धक्क्यावर पाऊल ठेवण्याचा क्षण नेमका तोच. ज्यांना बीटा ब्लॉकर चालू आहे त्यांची नाडी श्रमाच्या मानाने वाढत नाही, म्हणून मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवर विसंबू नये. वल्हवताना पुरे वाक्य बोलता येते आहे ना, ही कसोटी बरी.

एक गोष्ट संकोचामुळे कुणी बोलत नाही. वर्गात लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि काही तर लघवीची गोळी परस्पर वगळतात. दोन्ही घातक. गोळीची वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारावे. स्वच्छतागृह कोठे आहे याची चौकशी आधीच करून ठेवली की अर्धी चिंता मिटते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जाऊ नये. निघण्यापूर्वी साखर १०० च्या खाली असेल तर काही खाऊन घ्यावे, आणि ग्लुकोजची पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवावी.

घरची तयारी साधी आहे. नावेतील बैठक फार खाली असते. पाटावर बसून एका हाताच्या आधाराने उठता येते का, हे पाहावे; सांधारोपण झालेल्यांनी हा प्रयोग करू नये, त्यांनी खुर्चीच वापरावी. दोन-तीन आठवडे रोज दहा वेळा खुर्चीवरून उठबस करावी आणि अर्धा तास चालावे. मूळ हालचाल समजून घ्यावी. आपल्या पिढीने विहिरीचा पोहरा हातांनी ओढला, म्हणून वल्हे हाती येताच आपण हातांनीच ओढू लागतो. येथे जोर पायांचा: आधी पाय रेटायचे, मग धड किंचित मागे न्यायचे, शेवटी हात. परतताना उलट क्रम. पुढे झुकायचे ते खुब्यातून, पाठ सरळ ठेवून. जात्यावर दळलेल्या आजींना हे सांगावे लागत नाही. ओढताना श्वास सोडावा.

पोशाख अंगासरशी असावा. बैठक चाकांवर सरकते. ओढणी, लांब कुडता वा सैल पायजमा त्या चाकांत अडकतो. अंगठ्या व बांगड्या घरी ठेवाव्यात, चष्म्याला दोरी बांधावी. श्रवणयंत्र पाण्यात नेता येत नसेल, तर आपल्याला कमी ऐकू येते हे प्रशिक्षकाला आधी सांगावे आणि हाताच्या खुणा ठरवून घ्याव्यात. पायाचे जोडे बहुधा नावेतच बसवलेले आणि अनेकांनी वापरलेले असतात, मोजे हवेतच. मधुमेही व्यक्तीने घरी आल्यावर तळपाय आणि तळहात उजेडात पाहावेत. फोड फुटला असेल तर तो भरेपर्यंत नदीच्या पाण्याला हात लावू नये. पावसाळ्यात अशाच जखमांतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात.

बहुतेक ठिकाणी पहिला धडा किनाऱ्यावर, यंत्रावर होतो. त्याच्या पंख्याजवळील खटका दहावर नेण्यात पुरुषार्थ नाही. तीन ते पाचच्या दरम्यान ठेवावा आणि मिनिटाला १८ ते २० ओढींची संथ लय धरावी. नावेत बसल्यावर जीवरक्षक जाकीट अंगात असावे, पोहता येत असले तरीही. नाव उलटलीच तर पोहत काठ गाठण्याचा प्रयत्न न करता नावेला धरून राहावे, कारण ती तरंगते. वल्हवणारा पाठमोरा पुढे जात असतो. मान फिरवून सारखे मागे पाहू नये, मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या आणि पाठ अंबणे स्वाभाविक आहे. छातीत आवळ, घाम फुटणे, अंधारी येणे किंवा एका अंगाची शक्ती जाणे मात्र स्वाभाविक नाही. तेथेच थांबून सांगावे आणि १०८ ला फोन करावा. सोबत येणाऱ्या लेकीसुनांनी पहिल्या दिवशी काठावरून सूचनांचा मारा करू नये. औषधांची यादी, पाण्याची बाटली आणि कोरडा टॉवेल घेऊन बाकावर बसावे.