पातळीचा आकडा आपल्या वहीत हवा



विहीर आपली, खोदाईचे कर्ज आपले. पण तिच्यात पाणी किती, हा आकडा मात्र दुसऱ्याच्या वहीत! २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने विहिरींची नोंदणी आणली. अधिसूचित क्षेत्रात नवी विहीर घ्यायची तर परवानगी लागते. क्षेत्र अधिसूचित करायचे की नाही, हे भूजलाच्या नोंदी पाहून ठरते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजते. आपल्या काळ्या पाषाणात बांधाच्या अलीकडे पाझर, तर पलीकडे ठणठणाट. मग निवडक विहिरींचा आकडा साऱ्या शिवाराला लागला, तर आपण कोणत्या कागदावर भांडणार? 'यंदा पाणी लवकर आटले' या बोलण्याला कचेरीत किंमत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, मोजणीला भिऊ नका, ती आपल्या हाती घ्या. खर्च एका दोरीचा आणि वजनाचा. कठड्यावर कायमची खूण करा. रात्रभर मोटार बंद ठेवून सकाळी खुणेपासून पाण्यापर्यंत मोजा, जमिनीवरची कठड्याची उंची वजा करा. तारीख, पातळी आणि मोटारीचे तास वहीत लिहा. संयुक्त आंध्र प्रदेशात २००० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांनी हेच केले आणि रब्बीचे पीक पाण्याच्या हिशेबाने ठरवले.

हा हिशेब आपल्यालाही हवा. पाषाणात साठवण शेकडा दोन धरली, तर हेक्टरभर शिवाराखाली पातळी एक मीटर उतरणे म्हणजे दोन लाख लिटर पाणी जाणे. हेक्टरभर पऱ्हाटीला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे पाच लाख लिटर. बोंडे भरताना पऱ्हाटीला एक पाळी राखायची की ज्वारीला द्यायची, हे वही सांगेल.

आकडे सरकारला कळवू, पण एकतर्फी नाही. दिलेल्या आकड्याची पोच मिळावी, गावाचे सगळे आकडे ग्रामसभेत वाचले जावेत, आणि बंधन घालण्याआधी आमच्या वह्या तपासाव्यात. आपणही आकडा खरा लिहावा. एक खोटा आकडा साऱ्या गावाची वही बुडवतो.

पुढच्या बैठकीला येताना गावातल्या दहा विहिरींची वही सोबत आणा. मागणी तिच्यावरच उभी राहील.