सहल कोठें न्यावी ?

सहल म्हटली कीं विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें महाबळेश्वर तरी उभें राहतें, नाहीं तर समुद्रकिनारा. गाडींत बसावें, गाणीं म्हणावीं, डबे सोडावे, फोटो काढावे आणि दिवेलागणीस घरीं परतावें, एवढा तिचा कार्यक्रम. यांत कांहीं वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वर्षभर बाकावर बसलेल्या मुलांस एक दिवस मोकळा वारा मिळालाच पाहिजे. परंतु महाड-पोलादपूरच्या शाळांनीं वर्षांतून निदान दोन सहली तरी आपल्याच नदीकांठीं व आपल्याच डोंगरांत, पायीं काढाव्या, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि हें मत केवळ हौसेचें नाहीं.

आपला मुलूख कसा आहे तें पाहूं. सावित्री महाबळेश्वरास उगम पावते, पोलादपुरावरून महाडास येते, येथें तिला गांधारी मिळते, आणि पुढें बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्यें ती समुद्रास जाते. ज्या माथ्यावर वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथील पाणी पाहतां पाहतां आपल्या दारीं येतें. त्याच वेळीं खाडीस भरती असली म्हणजे तें लवकर ओसरत नाहीं. मग महाडचें बेट होतें. बेट हा शब्द आम्ही अलंकार म्हणून योजिला नाहीं. २०२१ च्या जुलैच्या २२ व्या तारखेस रस्ते पाण्याखालीं गेले व शहराचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटला. त्याच दिवशीं तळिये येथें दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेंही तोच अनर्थ झाला. त्यापूर्वीं २००५ च्या जुलैंत जुई, दासगांव, कोंडिवते व रोहन या गांवांवर असाच प्रसंग गुदरला होता. अशा मुलखांतील मुलास ॲमेझॉनची लांबी पाठ यावी, आणि आपल्या आळींत पुराचें पाणी कोणत्या बाजूनें शिरतें हें ठाऊक नसावें, ही शिक्षणांतील उणीव नव्हे काय ?

सुमात्राच्या पश्चिमेस सिमेउलुए नांवाचें एक बेट आहे. १९०७ सालीं समुद्राच्या प्रचंड लाटेनें तेथें मोठा संहार केला. तेव्हांपासून तेथील वडील माणसें मुलांस गोष्टींतून व गाण्यांतून सांगत आलीं कीं, धरणी जोरानें हालली व समुद्र मागें हटला म्हणजे डोंगराकडे धांवावें. ता. २६ डिसेंबर २००४ रोजीं तसाच भूकंप झाला तेव्हां लोकांनीं तें ऐकिलें. सुमारें पाऊण लाख वस्तीच्या त्या बेटावर अवघीं सात माणसें दगावलीं. समोरच्या सुमात्रांत मात्र लाखाहून अधिक. त्या बेटकऱ्यांजवळ यंत्र नव्हतें. आपल्या भूमीची ओळख होती.

ती ओळख पायीं फिरल्याखेरीज होत नाहीं. भाद्रपदांत उघडीप पडली म्हणजे मुलांस भातखाचरांच्या बांधावरून न्यावें. तेरडा व सोनकी फुललेली दाखवावी. उतारावरची माती कोठें मुळांनीं धरून ठेविली आहे व कोठें उघडी पडली आहे तें पाहूं द्यावें. जमिनीस नवी भेग पडणें, झाडें कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, हीं दरडीचीं पूर्वचिन्हें असूं शकतात, हें डोंगरावर उभें राहूनच समजावें. गांधारपाल्याच्या लेण्यांतून खालचें खोरें न्याहाळावें. काळ नदीवरील वाळण कोंडींत वरदायिनी देवीचे म्हणून लोकांनीं राखिलेले मासे पाहावे, म्हणजे कायदा नसतांही गांव आपला डोह कसा राखतो तें कळेल. आणि गांवांतील चवदार तळ्यास विसरूं नये. पाणी निसर्गानें सर्वांस दिलें, परंतु तें पिण्याचा हक्क बजावण्यासाठीं १९२७ च्या मार्चच्या २० व्या तारखेस डॉ. आंबेडकरांस येथें सत्याग्रह करावा लागला, हेंही मुलांनीं तळ्याच्या पायरीवरच ऐकावें.

पालकवर्ग म्हणेल, परीक्षा तोंडावर असतां हें कशाला ? आमचें उत्तर असें कीं, भूगोल व विज्ञान या विषयांचा हा अभ्यासच आहे. दुसरा आक्षेप धोक्याचा; तो रास्त आहे. भर पावसांत ओढ्यांत वा धबधब्याखालीं मुलें कदापि नेऊं नयेत. सावित्रींत मगरी आहेत, म्हणून पात्रांत उतरणें नाहींच. मात्र धोका कोठें आहे हें शिक्षकांच्या संगतीनें शिकलेलें मूल, चोरून पोहावयास जाणाऱ्या मुलापेक्षां अधिक सुरक्षित असतें. खर्चाचा प्रश्न तर उरतच नाहीं. भाकरी-चटणी व एक वही पुरे.

ज्ञानानें प्रत्येक संकट टळेल असें आम्ही म्हणत नाहीं. अर्ध्या रात्रीं कोसळणाऱ्या कड्यापुढें शहाणाही हतबल होतो. पण सावध होण्यास जी घटका मिळते, ती ओळखण्याची शक्ति तरी मुलांस द्यावी. विद्यार्थिमित्रांनो, या दिवाळीच्या सुटींत आपल्या आजोबांस बरोबर घेऊन नदीकांठीं जा, पूर कोठवर चढला होता तें त्यांस विचारा, आणि त्या खुणेजवळ उभे राहून आपल्या घराचा उंबरठा किती उंचीवर आहे तें मोजा. पालकांनींही त्यांच्याबरोबर जावें, अशी आमची विनंति आहे.